साडेतीनवरून दोनवर

१२ एप्रिल १९९९, सोमवार. पेण

वही उघडून सात महिने झाले होते. आज उघडली, कारण सिपोराबाई जाणार.

सकाळची बॅच चालू असताना फोन आला. "सीते, तिकीट आलं गो. अकरा मे." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग मुलींना तोच उतारा चार वेळा टाइप करायला लावला. का, ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या क्लासात का असं कुणी विचारत नाही.

बाई म्हणजे माझ्या टायपिंगच्या बाई, रोह्याच्या सिपोरा रोहेकर. पासष्ट साली मी धरमतरच्या खाडीवरून मामाकडे, रोह्याजवळ वरशाला, राहायला आले, ती त्यांच्याकडे शिकायला. बाप मिठागरात. अख्ख्या गावात पोरीने मशीनवर बोटं चालवायची म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंच्या पडवीत तीन टाइपरायटर होते आणि पडवीच्या पलीकडे त्यांच्या यजमानांचा, सामाजींचा, तेलाचा घाणा. आज पेणमध्ये माझा क्लास आहे, दोन कॉम्प्युटर आहेत, पाटीवर माझं नाव आहे, ते सगळं त्या पडवीतून आलेलं.

सामाजी गेले सत्त्याण्णवच्या ऑगस्टात. मुलगा एझ्रा वीस वर्षं झाली इस्रायलला आहे, अश्दोदला. आता बाई चौऱ्याहत्तर. जायलाच हवं. मला कळतं.

१४ एप्रिल, बुधवार

क्लासला सुट्टी, म्हणून रोह्याला जाऊन आले. बाईंनी मला हातात चहा दिला आणि लगेच काम सांगितलं. त्यांची पद्धतच ती.

डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या, म्हणजे इथल्या ज्यू लोकांचं कबरस्तान आहे. एकशे त्रेसष्ट कबरी. एके काळी या गल्लीत त्यांची तीसेक घरं होती, शनिवारी घाणे बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आता बाईंचं एकच घर उरलंय. निम्म्या दगडांवरची अक्षरं पावसाने धुऊन गेलीत. बाईंच्या वडिलांनी एका वहीत यादी केली होती, ती वाळवीने खाल्ली. तेव्हा कोण कुठे निजलंय हे फक्त बाईंच्या डोक्यात आहे, आणि ते डोकं अकरा तारखेला विमानात बसणार.

"तिकडून कोणाचा नातू आला, आजीची कबर विचारली, तर नाथा काय सांगणार?" बाई म्हणाल्या. नाथा तिथलं गवत काढतो, कुंपण बघतो. "त्याला कागद पायजे. छापलेला. मी सांगते, तू टाइप कर. माझ्यासमोर."

मी लगेच हो म्हटलं. अडचण एवढीच की बाईंचे टाइपरायटर केव्हाच विकले गेले, आणि कॉम्प्युटर घेताना मीही माझे दोन्ही मराठी टाइपरायटर त्यात देऊन टाकले. तेव्हा मला फार शहाणपणा वाटला होता. म्हणजे कॉम्प्युटरच उचलून रोह्याला न्यायचा.

खरं म्हणजे वहीत उतरवून घेऊन पेणला बसून टाइप करता येईल. हे मला तिथेच सुचलं होतं. बोलले नाही.

१६ एप्रिल, शुक्रवार

शेजारच्या गणपतीवाल्यांनी मॉनिटर आणि कॉम्प्युटरचा डबा दोन्ही पेंढ्यात बांधून दिले, वर मूर्तींना मारतात तीच सुतळीची गाठ. त्यांचा टेम्पो रंग आणायला रोह्याकडे जाणारच होता. टेम्पोतून उतरवताना गल्लीतली पोरं मोरया म्हणाली. बाई दारात उभ्या राहून हसत होत्या.

खोलीत सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि काही नाही. मला वाटलं पेंढ्याने गेला. पण पंखाही फिरत नव्हता. गल्लीच्या तोंडाचा ट्रान्सफॉर्मर काल जळलाय. आता दुसऱ्या लाइनवरून रात्री आठनंतर तेवढी वीज देतात, दिवसभर काही नाही. नवा कधी येणार ते कुणी सांगत नाही. आणि माझी पेणची शेवटची एसटी सात वाजता.

बाई म्हणाल्या, "आज तसंही शुक्रवार. सोमवारी ये." शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत त्या बटणाला हात लावत नाहीत, दुसऱ्याला लावू देत नाहीत. म्हणजे माझ्याकडे दिवस मुळातच कमी. बोटांवर मोजून पाहिले.

१९ एप्रिल, सोमवार

मामेभावाकडून ट्रकची जुनी बॅटरी आणि त्याच्या दुकानातला इन्व्हर्टर आणला. रात्री वीज आली की चार्ज करायची, दिवसा त्यावर काम. बेत उत्तम.

काम पन्नास मिनिटं चाललं. सात नावं. मग इन्व्हर्टर केकाटला आणि सगळं काळं. बाई एकेका नावाला त्याची सगळी हकिगत सांगतात, कोण कुणाची सून, कोण पोहताना गेला, कुणी पहिली सायकल आणली. थांबवू कशी? या चालीने शंभरदेखील होणार नाहीत.

२० एप्रिल, मंगळवार

विठूला घेऊन गेले. विठू गडबचा, हायवेला त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, आता कॉम्प्युटरही उघडतो. माणूस हुशार, तोंड फार.

मी म्हटलं, "याची भूक कमी कर. बॅटरी पुरत नाही."

"मॅडम, लोक माझ्याकडं स्पीड वाढवून घ्यायला येतात. पोरं त्यावर गेम खेळतात. तुमी पयल्याच, कमी करून मागताव."

"होतं की नाही ते सांग."

"व्हतं की. तुमचा बोर्ड चांगला हाय. जुन्या बोर्डावर डबा उघडून बारीक पिना काढाव्या लागायच्या, ह्यात सगळा सेटअपमधूनच."

चालू होतानाच त्याने डिलीटचं बटण दाबून धरलं आणि एक निळं पान आलं, पिवळ्या अक्षरांचं. दोन वर्षं हे मशीन माझ्या घरात आहे आणि आत असलं पान आहे हे मला माहीत नव्हतं. विठूने समजावलं. बोर्डाचा ठेका सहासष्टचा. प्रोसेसर त्याच्या साडेतीन पट पळतो, म्हणून दोनशे तेहतीस. साडेतीनच्या जागी दोन केलं की एकशे तेहतीस. खालच्या ओळीत प्रोसेसरला जाणारा विजेचा दाबही थोडा उतरवला. हळू पळणाऱ्याला तेवढा लागत नाही म्हणे.

"नावं टाइप करायला एवढा घोडा कशाला पायजे?" विठू म्हणाला. "पण सांगून ठेवतो, ह्याच्यानं धा-बारा मिनिटं वाचतील. खरी वीज खातो तो ह्यो टीव्ही." त्याने मॉनिटरवर टिचकी मारली. "आणि अजून एक. बोर्डावरचा सेल बसलाय. बंद केला की सगळा विसरनार. रोज चालू करताना परत सांगायला लागंल. पनवेलला गेलो की सेल आणतो."

बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. विठू गेल्यावर म्हणाल्या, "सामाजी हेच करायचे."

आणि मला एकदम ते सगळं आठवलं. लोक तेलासाठी खोळंबलेले असायचे आणि सामाजी बैलाला कधी काठी लावायचे नाहीत. कुणी घाई केली की सांगायचे, घाणा पळवला की तेल तापतं आणि वास जातो. बैल आपल्या चालीने फिरायचा, घाण्यातली लाकडी लाट करकरायची, आणि इकडे पडवीत आम्ही तिघी पोरी मशीन बडवायचो. माझ्या केसांना तिळाच्या तेलाचा वास यायचा म्हणून मामी ओरडायची. माझा वेग मराठी पन्नास झाला त्या दिवशी सामाजींनी घाणा थांबवून विचारलं होतं, "इतकी पळून पोरगी जाणार कुठं?" सगळे हसले. मला राग आला होता.

आज एक तास दोन मिनिटं चालला. नऊ नावं.

२१ एप्रिल, बुधवार

हावरटपणा नडला. मी मनाशी म्हटलं, दोनने बारा मिनिटं वाचतात तर दीडने आणखी वाचतील. निळ्या पानावर दीडचा आकडा दिसत होता, तो लावला. बाईंनाही ऐटीत सांगितलं.

बरोबर पन्नासाव्या मिनिटाला काळोख. डब्याला हात लावला तर चांगलाच गरम. कोपऱ्यावरच्या बूथवरून विठूला फोन केला. तो इतका हसला की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. म्हणे, या जातीच्या प्रोसेसरला दीड सांगितलं की तो साडेतीनच समजतो. बनवणाऱ्यांनी साडेतीनसाठी वेगळी खूण ठेवलीच नाही, दीडचीच वापरली. "तुमी त्याला हळू सांगताव आणि तो सुसाट सुटतो. दोनच्या खाली जाऊ नका."

एक अख्खा दिवस वाया. 

२३ एप्रिल, शुक्रवार

काल एसटीत, नागोठण्याच्या अलीकडे, विठूचं बोलणं पुन्हा डोक्यात आलं. खरी वीज खातो तो टीव्ही. आणि मी स्वतःच्याच डोक्यात मारून घेतली. अगदी खरोखर, शेजारची बाई बघायला लागली.

तेहतीस वर्षं मी पोरींच्या हातांवर फडकं टाकून टायपिंग शिकवते. बघायचं नाही, बोटांना कळलं पाहिजे. बाईंनी माझ्या हातांवरही टाकलं होतं, निळ्या चौकड्यांचं. कॉम्प्युटरवरही मराठी अक्षरं टाइपरायटरच्याच जागी आहेत, मग मला हा मॉनिटर कशाला हवा?

आज निळ्या पानावर दोन लावलं, फाइल उघडली, शेवटच्या ओळीवर आणली आणि मॉनिटर बंद केला. दर दहा नावांनी एक मिनिट लावून बघायचं, साठवायचं, पुन्हा बंद. बाईंना गंमत वाटली. "अंधारात टाइप करतेस व्हय?"

दोन तास पस्तीस मिनिटं! आणि विठूची बारा मिनिटं आता बारा राहिली नाहीत. मॉनिटर गेल्यावर डबा एकटाच खाणारा उरला, त्यामुळे साडेतीनवरून दोनवर आल्याचा फरक चांगला अर्ध्या तासाचा पडतो. बॅटरी संपून इन्व्हर्टर केकाटला तेव्हा बाई दुधीची भाजी चिरत होत्या आणि मी एकवीस नावं पार केली होती. मी इतकी खूश झाले की बाईंच्या हातची सुरी घेऊन दुधी मीच चिरला.

२८ एप्रिल, बुधवार

आता घडी बसलीय. सकाळची बॅच घ्यायची, साडेदहाची एसटी, बाराला रोह्याला. आधी नाथाबरोबर कबरस्तानात जाऊन रांग बघायची. नाथा खडूने दगडांवर आकडे घालतो. बाईंना आता चढ चढवत नाही, पण घरी बसून त्या सांगतात, "तिसरी रांग, आंब्यापासून पाचवी, दगड जरा कलंडलाय ना? ती मिल्काबाई. एलोजीची थोरली. तिच्या हातच्या करंज्या गावभर जायच्या." आणि दगड कलंडलेलाच असतो.

रोज चालू करताना निळं पान काढते, दोन लावते. सेल बसल्यामुळे तारीखही रोज मागे जाते. बाईंनी आज विचारलं, "ते काय लिहिलंय वर?"

"त्याच्या मते आज एक जानेवारी सत्त्याण्णव आहे. थांबा, दुरुस्त करते."

"तेव्हा हे होते," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ती. तुला कामाला लागते का?"

तारीख कामाला लागत नाही. राहू दिली. विठूने संध्याकाळी पेणला नवा सेल आणून दिला. पर्समध्ये टाकून ठेवलाय. बसवीन सवडीने.

शहाण्णव नावं झाली.

४ मे, मंगळवार

आज चौथी रांग घेतली. रात्री तिकडे वीज दोनच तास होती, बॅटरी अर्धीच भरलेली, म्हणून मधे मॉनिटर लावायचा नाही असं ठरवूनच बसले.

"चौदा," बाई म्हणाल्या. "सामाजी हसाजी रोहेकर. घाणेवाले. ऑगस्ट सत्त्याण्णव." त्यांची हकिगत काही सांगितली नाही. मग, "पंधरा."

मी थांबले. सकाळीच पाहिलं होतं, सामाजींच्या डाव्या अंगाला मोकळी जमीन आहे, नाथाने तिथेही खडूने दगडावर पंधरा घातलंय.

"ती माझी व्हती," बाई म्हणाल्या. "त्यांनीच राखून ठेवलेली. आता तिकडं कुठं ते एझ्रा बघील."

"काय लिहू, बाई?"

"लिही. रिकामी. ठेवलेली." आणि लगेच, "सोळा. चल, थांबू नकोस."

मग त्या सरळ सांगत गेल्या, एकोणीस नावं एका दमात, हकिगती न लावता. मीही थांबले नाही. खोलीत वारं नव्हतं, पंखा बंद, डोळ्यांत सारखा घाम जात होता, दोन-तीनदा खांद्यालाच चेहरा पुसला. साठवलं, फ्लॉपीवर घेतलं, बंद केलं.

येताना धरमतरचा वारा पेणपर्यंत येत होता. मी जेवले नाही. भूकच नव्हती.

५ मे, बुधवार

सकाळी बॅचच्या आधी कालचा भाग छापून पाहिला. पंधरापासून पुढे सगळा अक्षरांचा चिवडा. वीसच्या वीस ओळी.

बोटं एक घर उजवीकडे बसली होती. पहिल्या महिन्यातल्या मुली अशी चूक करतात. बटणांवर बोटांना लागावेत असे बारीक उंचवटे असतात, ते खास यासाठीच, आणि मला ते कळले नाहीत. बाईंच्या त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. खुर्ची सरकली असणार.

पण चूक एकसारखी होती, हे नशीब. प्रत्येक अक्षर आपल्या जागेपासून नेमकं एक घर लांब. बॅचच्या मुली आल्या तेव्हा मी जुन्या कॉम्प्युटरसमोर तो कागद घेऊन बसले होते. चिवड्यातलं अक्षर बघायचं, ते ज्या बटणावर आहे तिथे बोट ठेवायचं, आणि एक घर डावीकडे यायचं. पहिला शब्द निघाला तो "रिकामी". मग "ठेवलेली". मग एकेक करून एकोणीस माणसं आपापल्या जागी आली. दीड तास लागला. 

बाईंना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

६ मे, गुरुवार

एकशे त्रेसष्ट. शेवटचं नाव बाईंच्या आईचं निघालं. ते त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, मला आत्ता कळलं. संध्याकाळी पेणला तीन प्रती छापल्या. एक नाथाला, एक मशिदीत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात, एक बाईंसोबत अश्दोदला.

७ मे, शुक्रवार

प्रती घेऊन गेले. पेणचे पोहेही नेले. प्रवासाला निघायच्या आधी त्यांच्यात मलिदा करतात, पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं, वर प्रार्थना. बाई म्हणाल्या, पोहे पेणचे नसतील तर मलिद्याला अर्थ नाय.

मग त्या यादी वाचायला बसल्या. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, सगळी नऊ पानं. हातात लाल पेन्सिल. क्लासात आमच्या प्रत्येक कागदाखाली त्या लाल पेन्सिलीने लिहायच्या: वेग किती, चुका किती, आणि खाली बहुतेक "पुन्हा". मला सहा महिने "पुन्हा" मिळालं. पन्नासच्या वेगालाही "पुन्हा". "पास" त्या कधी लिहायच्याच नाहीत, तो शब्द सरकारी परीक्षावाल्यांचा म्हणायच्या.

शेवटचं पान संपलं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. काही लिहिलं नाही. मी बावन्न वर्षांची बाई, पण खरं सांगते, वाईट वाटलं.

"मशीन लाव," त्या म्हणाल्या. "शेवटचं पान काढून दे, एक बघायचंय. आणि तू नाथाला त्याची प्रत देऊन ये. सूर्य डोंगराआड जायच्या आत ये गो."

मी दोन लावलं, फाइल उघडली, शेवटच्या ओळीखाली आणून ठेवली. मॉनिटर चालू ठेवू लागले तर म्हणाल्या, "बंद कर, बॅटरी खातो तो." मला हसू आलं. बघायचंय म्हणतात आणि मॉनिटर बंद.

नाथाने प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेतली आणि छातीशी धरून उभा राहिला. "मला वाचता नाय येत," म्हणाला, "पर माझी भूमिका वाचते. तिला समदं दाखवतो." भूमिका त्याची मुलगी, चौथीत.

परत आले तेव्हा बाई मशीनसमोर बसल्या होत्या, हात मांडीवर. "झालं. कर बंद." मी सवयीने साठवायचं बटण दाबलं आणि बंद केलं. त्यांनी दिवे लावले. मी दिव्यांपाशी उभी राहिले आणि सातची एसटी थोडक्यात मिळाली.

१० मे, सोमवार

गेल्या. सकाळी मुंबईची गाडी होती, एझ्राचा मित्र घेऊन गेला. बाईंनी दाराच्या चौकटीवरची डबी, त्यात त्यांच्या प्रार्थनेचा कागद असतो, ती काढून पदराच्या टोकात बांधली. चौकटीवर दोन खिळ्यांची भोकं राहिली.

मी पायांना हात लावला तर म्हणाल्या, "आमच्यात नाय करत गो," आणि तरी डोक्यावर हात ठेवला. केसांना तेल लावत जा म्हणाल्या. गाडी वळेपर्यंत मी उभी होते. विठूही आला होता, तो म्हणाला, "मॅडम, चला, गडबला उसाचा रस पिऊ." प्यायले. कशाची चव लागली नाही.

मी स्वतःसाठी प्रत छापलीच नाही, हे एसटीत बसल्यावर लक्षात आलं.

१७ मे, सोमवार

आज विठूने व्हॅनमधून कॉम्प्युटर परत आणला. पेंढ्याच्या काड्या अजून पंख्याच्या जाळीत होत्या. इथे वीज आहे, त्यामुळे बोर्डाला काही सांगायची गरज नाही. तरी सवयीने डिलीट दाबलं. निळं पान आलं. एक जानेवारी सत्त्याण्णव. सेल अजून पर्समध्येच आहे. तारखेला हात लावला नाही, साडेतीनचे दोन केले आणि पुढे गेले.

प्रत छापायला फाइल उघडली आणि नजर टाकावी म्हणून शेवटापर्यंत गेले. एकशे त्रेसष्ट, बाईंची आई. त्याच्याखाली एक ओळ मोकळी, आणि मग हे:

"सीता म्हात्रे. वेग हळू. चूक एक. मंगळवारी चौथ्या रांगेत बोटं एक घर उजवीकडे गेली. मला दिसत होतं. तू रडत होतीस म्हणून टोकलं नाही. स्वतः सुधारलीस. पुन्हा नको. पास."

मॉनिटर मी स्वतः बंद करून गेले होते. चौऱ्याहत्तर वर्षांची बोटं, अंधारात, आणि सगळ्यात मिळून एक अक्षरही चुकलेलं नाही.

संध्याकाळची बॅच मी सोडून दिली. मुली खूश होऊन गेल्या.

पाच तारखेच्या पानावर मी लिहिलंय की बाईंच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. ते खोटं आहे. खुर्ची चांगली होती, हललीच नव्हती. चार तारखेला मी रडत होते.